शेऱ्याचा रकाना

१२ जानेवारी

धाकटे,

सोबत एक छापील कागद आहे. खाली उजवीकडे आईची किंवा वडिलांची सही हवी, बाकी काही नको.

आमच्या कार्यालयाने नऊ वर्षांपूर्वी ज्या मुलांची शाळेत जाण्याआधीची चाचणी घेतली होती, ती आता आठवीत आहेत. त्यांचे सातवीच्या वार्षिक परीक्षेचे गुण आणि आमचे तेव्हाचे गुण शेजारी शेजारी ठेवून बघायचंय, की कोण पुढे जाणार आणि कोण मागे पडणार हे आम्ही पावणेपाच वर्षांच्या मुलाकडे बघून सांगितलं ते किती खरं ठरलं. त्यासाठी पालकांची परवानगी लागते. यादीत तुझी भिंगरी एकशे सत्तेचाळिसावी.

बाकीच्या पालकांना कागद शिपायाच्या हाती गेला. तुझा मी बाजूला काढून ठेवला होता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, सहीच्या निमित्ताने का होईना तुला लिहावं असं वाटलं. आईच्या वर्षश्राद्धालाही आपण दोघी दोन खोल्यांत बसलो होतो, तेव्हा फोनवर बोलणं जमेल असं वाटत नाही.

माझं बरं चाललंय. खरं सांगायचं तर वैताग चाललाय. चाचणीच्या खोलीत अजून त्याच बुटक्या खुर्च्या आहेत आणि आता त्यांवर बसलं की उठताना माझे गुडघे आवाज करतात. रंगीत ठोकळ्यांच्या संचातला निळा ठोकळा दोन वर्षांपासून गायब आहे. नवा मागवायला तीन अर्ज केले. त्यामुळे मूल ‘निळा दाखव’ म्हटल्यावर भांबावून बघतं आणि नियमाप्रमाणे मी त्याला शून्य द्यायचा. मी देत नाही, ही गोष्ट वेगळी.

सही करून पाकीट परत पाठव. आपल्या त्या भांडणाशी या कागदाचा काही संबंध नाही.

ताई


३० जानेवारी

धाकटे,

पाकीट मिळालं. सहीच्या जागी ‘नाही’ लिहिलंयस, तेही लाल पेनाने. नऊ वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला शब्द. अक्षर मात्र सुधारलंय.

तुझा हक्क आहे, भिंगरीचं नाव मी यादीतून काढलं. पण तुझ्या डोक्यात अजून तेच असणार, की मावशीने सख्ख्या भाचीला तीन गुण दिले नाहीत. म्हणून एकदा सरळ लिहिते. चाळीस गुणांची चाचणी. बावीस किंवा वर असेल ते मूल नेहमीच्या तुकडीत, खाली असेल ते तयारीच्या तुकडीत. भिंगरीला एकोणीस पडले. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, ‘तीन गुण, ताई. तुझ्याच हातात आहेत.’ मी म्हणाले, मी खोटं लिहिणार नाही. ते वाक्य मी चढ्या आवाजात बोलले, हे मला कळतं. पण आज तू आणि उद्या शेजारीण, मग चाचणीला अर्थ काय राहिला असता?

आणि चाचणी काही भोंदू ज्योतिष्याचा पोपट नाही. मूल एका पायावर किती वेळ उभं राहतं, ऐकलेला शब्द परत म्हणतं का, चौकोन बघून चौकोन काढतं का, यातून बरंच कळतं. पुढे अडणारं मूल लवकर हाती लागलं तर त्याला आधार देता येतो. याच विश्वासावर मी या नोकरीत केस पिकवले.

आमच्याकडे हिशेब जुळवायला एक नवीन मुलगी आलीये. सगळे तिला आकडेबाई म्हणतात. वय सव्वीस, बोलणं मोजून मापून. तिने काल पहिला तक्ता काढला. साहेबांनी वरवर बघितला आणि खूश झाले. ज्यांना कमी गुण, ती मुलं एकंदरीत मागे आहेत. ज्यांना जास्त, ती एकंदरीत पुढे. साहेब म्हणाले, बघा, आपलं भाकीत खरं ठरलं, आता हीच चाचणी मूल तीन वर्षांचं असतानाच घेऊ.

आकडेबाई म्हणाली, ‘सर, “एकंदरीत” हा शब्द जरा जपून.’

साहेब हसले. त्यांना वाटलं ती विनोद करते आहे.

जेवणाच्या सुट्टीत तिने मला तक्त्याची मागची बाजू दाखवली. आम्ही तीनशे मुलांना ‘मागे पडणार’ म्हणालो होतो. त्यांतली एकशे एक्केचाळीस व्यवस्थित पुढे गेली. आणि जी तीनशे चाळीस मुलं आज खरोखर मागे आहेत, त्यांतल्या एकशे एक्क्याऐंशी मुलांबद्दल आम्ही कधी ‘ब्र’ काढला नव्हता. ती आमच्या हातून हसत-खेळत पुढे गेली होती.

मी म्हटलं, इतकं चुकायचंच. लहान मुलं आहेत, गहू-तांदूळ नाहीत. ती म्हणाली, मीही तेच म्हणतेय मॅडम.

मला तिचा राग आला. दिवसभर पुरला.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

तू उत्तर देत नाहीस आणि मी लिहितेच आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हण. पण हे ज्याला सांगावं असं दुसरं माणूस मला नाही. कार्यालयात सांगितलं तर साहेबांपर्यंत जातं आणि घरात तर भिंतीच आहेत.

काल बैठक झाली. आकडेबाईने एकच गोष्ट मांडली. बावीस गुणांची सदतीस मुलं होती, एकवीस गुणांची चौतीस. एका गुणाचा फरक. एका गुणाचा फरक म्हणजे काय ते मला विचार. मूल सकाळी शिंकलं तर एक गुण जातो. बाहेर आई रडवेली दिसली तर दोन जातात. म्हणजे ही एकाहत्तर मुलं जवळजवळ सारखीच. फक्त सदतीस जणांना आम्ही नेहमीच्या तुकडीत पाठवलं आणि चौतीस जणांना तयारीच्या. आज त्या सदतीसांतली नऊ मागे आहेत. चौतीसांतली एकोणीस.

मग साहेब म्हणाले, ‘म्हणजे भाकीत बरोबरच आलं की.’

मी त्या माणसाकडे इतका वेळ बघत राहिले की त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, साहेब, आपण भाकीत केलं नाही, आपण ते घडवून आणलं. तयारीची तुकडी म्हणजे काय? शाळेतली सगळ्यात नवी शिक्षिका, अर्धं पुस्तक आणि वर्षभर चित्रं रंगवणं. नियमाप्रमाणे एका वर्षाने मूल तिथून बाहेर यायला हवं. येतं का? चाचणीचं पत्रक फाईलच्या पहिल्या पानावर असतं. दर वर्षी नवे शिक्षक आधी तेच उघडतात.

साहेब म्हणाले, बाई, तुम्ही बावीस वर्षं हीच चाचणी घेताय. आजच साक्षात्कार झाला का?

मी कागद गोळा करून बाहेर आले. ते लोकांसमोर बोलले म्हणून नाही. प्रश्न खरा होता म्हणून.

घरी आले आणि रागारागाने कपाट आवरायला घेतलं. राग साहेबांचा, चाचणीचा आणि तुझाही. तूही गप्प बसून राहिलीस. पहिल्या वर्षानंतर शाळेत जाऊन भांडली का नाहीस? तुझ्या जिभेला कधी कुणी अडवलंय? मग आठवलं, की तू गेली होतीस. आईने सांगितलं होतं. शाळेने तुला माझी सही दाखवून परत पाठवलं होतं.

भिंगरी चाचणीच्या दिवशी जरा पेंगुळलेली होती. मला वाटतं ती नीट झोपली नव्हती. तुला आठवतं का? असो. आजारी मुलाची चाचणी तीन आठवड्यांनी परत घेता येते, असा नियम आहे. तेव्हाही होता.

पत्र इथेच थांबवते.

ताई


४ मार्च

धाकटे,

हे पत्र पोचायच्या आत भिंगरीने तुला सांगितलं असेल तर ठीक. नसेल सांगितलं तर तिला रागावू नकोस. ती परवा शाळा सुटल्यावर माझ्या कार्यालयात आली होती.

मी तिला ओळखलं नाही. शिपाई म्हणाला, एक मुलगी तुम्हाला विचारतेय. मला वाटलं कुणाचं तरी पत्रक न्यायला मोठी बहीण आली असेल. दारात उंच मुलगी, दप्तर एकाच खांद्यावर, बोटांना वंगण. म्हणाली, ‘मावशी, मी भिंगरी.’ मग त्या बुटक्या खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीला टेकवून.

माझी पत्रं तू कपाटात साड्यांखाली ठेवतेस आणि तिने ती वाचलीत, हे तिने आल्या आल्या कबूल केलं. पोरगी तुझ्यासारखी आहे. आधी गुन्हा सांगते, मग मागणी मांडते.

मागणी अशी. नववीपासून तिला तंत्रशाखेत जायचंय. गल्लीतली शिवणयंत्रं तीच दुरुस्त करते म्हणे, मला माहीत नव्हतं. अर्ज केला तर वर्गशिक्षकांनी फाईल उघडून पहिलं पान दाखवलं आणि म्हणाले, सुरुवातीपासूनच जड जातंय, कशाला हट्ट करतेस. तिला ते पान बघायचं होतं. शाळेने लांबूनच दाखवलं होतं.

मूळ पत्रक आमच्याकडे असतं. मी तळघरातल्या खोलीतून काढून आणलं. तिने ओळ न् ओळ वाचली. एका पायावर उभं राहणं, पाचपैकी पाच. चौकोन, त्रिकोण, सहापैकी पाच. ठोकळे, सगळे. मग तिचं बोट थांबलं. ऐकलेला शब्द परत म्हणणे, एकवीसपैकी एक.

‘हे असं कसं?’ तिने विचारलं. ‘बाकी सगळं येत होतं की मला.’

धाकटे, तिला जे सांगितलं ते आता तुला लिहिते. तुला आधी सांगायला हवं होतं.

त्या सकाळी भिंगरीच्या दोन्ही कानांत कापूस होता. तू दारातच मला म्हणाली होतीस, रात्रभर कान ठणकत होते, पण आज नाही आणलं तर तारीख जाईल. खरं तर मी तिची चाचणी घ्यायलाच नको होती. नात्यातल्या मुलाची घ्यायची नाही, असा नियम. पण दुसरी परीक्षक रजेवर होती आणि तू म्हणालीस, मावशी आहे म्हणजे रडणार नाही. मी घेतली.

शब्दांच्या वेळी आम्ही तोंडापुढे पुठ्ठा धरतो, मुलाने ओठ बघू नयेत म्हणून. मी ‘पाटी’ म्हटलं, ती ‘काठी’ म्हणाली. ‘दोर’ म्हटलं, ती ‘मोर’ म्हणाली. मग ती वाकून पुठ्ठ्यामागे बघायला लागली. ती जिकडे वाकली तिकडे मी पुठ्ठा सरकवला. दोनदा. मला कळत होतं की हिला ऐकू येत नाहीये.

पत्रकात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे ‘कान दुखतो’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर तीन आठवड्यांनी दुसऱ्या परीक्षकाने पुन्हा चाचणी घेतली असती. पण मग विचारलं गेलं असतं, की पहिली कुणी घेतली. त्या महिन्यात मुख्य परीक्षकाची जागा भरायची होती आणि माझं नाव पुढे होतं. मी रकाना मोकळा सोडला.

आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात तुला सांगितलं, मी खोटं लिहिणार नाही. तू तीन गुण मागत होतीस. मी न लिहिलेले दोन शब्द आणि पुन्हा चाचणीचा नियम तुझ्यापासून लपवत होते. तुला वाटलं ताई फार ताठ आहे. मीही नऊ वर्षं तसंच समजून घेतलं, कारण ताठ असण्यात निदान मान असतो.

भिंगरी रडली वगैरे नाही. तिने पत्रक माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, ‘मला अपूर्णांक येत नाहीत, मावशी. खरंच येत नाहीत. आमच्या तुकडीत ते शेवटच्या आठवड्यात उरकले. आता मला सांग, मी आधीपासूनच अशी होते, की अशी झाले?’

मी बावीस वर्षांत चार-पाच हजार मुलांना प्रश्न विचारले असतील. मला एकानेही असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, मला माहीत नाही. आणि आता कुणालाच कधी कळणार नाही. ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

ती म्हणाली, ‘मग ते लिहून दे. तुला माहीत नाही, असं. सही करून.’

मी लिहून दिलं. कोऱ्या कागदावर, कार्यालयाच्या शिक्क्यासह: ही चाचणी मुलीला ऐकू येत नसताना, नियम मोडून, नात्यातल्या परीक्षकाने घेतली, हिचे गुण कोणत्याही निर्णयासाठी धरू नयेत. एक प्रत तिला, एक शाळेला, एक साहेबांच्या टेबलावर.

तुला माफी मागायची तर कोणत्या तोंडाने मागू, ते सुचत नाहीये. म्हणून जे झालं ते लिहिलं.

ताई


२२ एप्रिल

धाकटे,

काल शाळेच्या व्हरांड्यात आपण दोघी एका बाकावर पाऊण तास बसलो. तू एकच प्रश्न विचारलास. तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी आत बोलावलं. नंतर भिंगरी मध्ये होती. उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून लिहिते.

आधी बाकीचं सांगते, कारण तू विचारणार नाहीस आणि भिंगरी अर्धवट सांगेल.

मुख्य परीक्षकाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. चौकशी होईपर्यंत मुलांसमोर बसायचं नाही, नोंदी लावायच्या. बरोबरच आहे, मी चौकशी अधिकाऱ्यालाही तेच म्हटलं. तो गोंधळला. लोक त्याच्यासमोर आपली बाजू मांडतात, ही काय भलतीच बाई, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. साहेबांनी तीन वर्षांच्या मुलांची चाचणी मंजूर करून आणलीच. आकडेबाईचं चौतीस-सदतीसचं पान अहवालाच्या शेवटी, बारीक अक्षरात छापलंय. तिने राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं देऊ नकोस. तू गेलीस तर ते पान पुढच्या वेळी बारीक अक्षरातही यायचं नाही. ती थांबलीये, पण माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. शेऱ्याच्या रकान्याचं कळल्यावर तर ती मला म्हणाली, ‘मॅडम, माझ्या तक्त्यात असे किती मोकळे रकाने असतील?’ मी काय सांगणार. मी माझा एक सांगू शकते.

भिंगरीचं असं झालं. मुख्याध्यापिकांनी ते पत्रक फाईलमधून काढलं आणि तिला प्रवेश परीक्षेला बसू दिलं. सहा आठवडे ती दर गुरुवारी माझ्याकडे येत होती, तुझ्या परवानगीने. परवानगी तू तिच्या हाती चिठ्ठी देऊन कळवलीस: ‘सातच्या आत घरी.’ आम्ही अपूर्णांकांपासून सुरुवात केली. मी वाईट शिकवते, घाई करते, तिने तोंडावर सांगितलं. शेवटी तिनेच शिवणयंत्राच्या चाकांचे दात मोजून मला समजावलं की तिला कसं समजतं. तीस दातांचं चाक आणि चाळीस दातांचं. तिथून पुढे तीन चतुर्थांश तिला सांगावं लागलं नाही.

परीक्षेत पन्नासपैकी तेवीस आले. हवे होते पंचवीस. हे तुला काल आतच कळलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सहामाहीपर्यंत तंत्रशाखेत बसू दे, तोवर गणितात पास झाली तर पुढे, नाही तर परत. भिंगरी म्हणाली, ‘चालेल. पण फाईलमध्ये “तात्पुरती” असं लिहू नका. पुढच्या वर्षीचे सर आधी तेच वाचतील.’ बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ते लिहिलं नाही. मला आजवरच्या सगळ्या बैठकांत मिळून इतकं करून घेता आलं नव्हतं.

आता तुझा प्रश्न. तू समोरच्या भिंतीकडे बघत विचारलंस: ‘ती तुझ्या दारात आली नसती, तर तू मला सांगितलं असतंस?’

मी तेव्हापासून हो म्हणायचा प्रयत्न करते आहे. पुरावाही आहे. मी तुला आपणहून पत्रं लिहिली, बैठकीत भांडले, फेब्रुवारीच्या पत्रात नियमापर्यंत येऊन पोचले होते. त्या पत्रात मी ‘कान’ हा शब्द तीनदा लिहिला होता. तिन्ही वेळा कागद फाडून नवा घेतला आणि शेवटी ‘पेंगुळलेली’ लिहिलं. मी ज्या पायरीवर येऊन थांबले होते तिथेच अजून दहा वर्षं थांबले असते. तुला अधूनमधून पत्रं लिहिली असती, साहेबांना नावं ठेवली असती, आकडेबाईला शाबासकी दिली असती, आणि निवृत्तीच्या दिवशी लोकांनी मला प्रामाणिक बाई म्हणून निरोप दिला असता.

नाही, धाकटे. मी सांगितलं नसतं.

हे भिंगरीला मी सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी सांगणारच होते, ती फक्त आधी आली. तिचा तो समज मोडायचा की नाही, हे तू ठरव. मला तो हवाहवासा वाटतो, म्हणून त्याबद्दल माझं मत धरू नकोस.

येत्या गुरुवारी समीकरणं सुरू करायची आहेत. पाठवलीस तर मी घरी आहे. नाही पाठवलीस, तर तिला कारण खरं ते सांग.

ताई